सार्वजनिक आरोग्य आणि मानवशास्त्र: एका जोडपदवीचा हिशेब

पेरू देशाच्या इका खोऱ्यात लोस मोलिनोस नावाचे गाव आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी तिथे दोनशे कुटुंबे राहत होती. आरोग्य खात्याने तिथे एक साधी मोहीम घेतली: पिण्याचे पाणी उकळून घ्या. एक आरोग्यसेविका दोन वर्षे घरोघर फिरली, मधून मधून डॉक्टरांची भाषणे झाली. दोन वर्षांनी गोळाबेरीज केली तेव्हा नव्याने पाणी उकळू लागलेली कुटुंबे निघाली फक्त ११.

सरकारी अहवालात अशा मोहिमेचा निकाल एका वाक्यात लागतो, की लोक ऐकत नाहीत. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड वेलिन यांनी गावातल्या बायकांशी सावकाश बोलून या वाक्याच्या पलीकडे काय आहे ते पाहिले. त्या गावात अन्न, पाणी, औषध या सगळ्यांना उष्ण किंवा थंड गुण मानत. कच्चे पाणी थंड, उकळलेले उष्ण, आणि उकळलेले पाणी प्यायचे ते आजाऱ्याने. धडधाकट माणसाने ते का प्यावे? गरोदरपणात पपई उष्ण म्हणून टाळणाऱ्या मराठी घरांना हा विचार परका वाटणार नाही. एका बाईने विचारलेला प्रश्नही बिनतोड होता. पाण्यात जंतू असतील तर ते बुडून मरत कसे नाहीत, ते काय मासे आहेत? शिवाय पाणी भरणे, सरपण जमवणे, स्वयंपाक आणि मुले यांतून पाणी उकळून निवत ठेवायला बाईला सवड मिळणार कधी, हाही प्रश्न होताच.

हा अभ्यास बेंजामिन पॉल यांनी संपादित केलेल्या ‘हेल्थ, कल्चर अँड कम्युनिटी’ या १९५५ च्या ग्रंथात आहे. मॅकिम मॅरियट यांचा उत्तर भारतातल्या एका खेड्यावरचा आणि मॉरिस कारस्टेअर्स यांचा राजस्थानवरचा लेखही त्याच ग्रंथात सापडतो. आरोग्याची मोहीम आणि माणसांचे जगणे एकत्र अभ्यासायला हवे, हा विचार तेव्हापासून वाढत गेला. आज अमेरिकेतली काही विद्यापीठे सार्वजनिक आरोग्यातली एम.पी.एच. आणि मानवशास्त्रातली एम.ए. या दोन पदव्या जोडून देतात. भारतातून, महाराष्ट्रातून एम.पी.एच.साठी बाहेर जाणाऱ्या मुलामुलींत वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद शिकलेले पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी काहींच्या डोळ्यांसमोर ही जोडपदवी येते आणि पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: दुसरी पदवी कशासाठी?

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर आधी या दोन शास्त्रांनी एकत्र येऊन काय साधले आणि कुठे कमी पडले ते पाहायला हवे. पदवीची रचना, खर्च आणि नोकरी यांचा विचार त्यानंतर.

दोन शास्त्रांच्या दोन सवयी

एम.पी.एच.चा परंपरागत पाया पाच विषयांचा: साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, पर्यावरणीय आरोग्य, आरोग्य धोरण व व्यवस्थापन, आणि सामाजिक व वर्तनविषयक शास्त्रे. या शिक्षणातून विद्यार्थ्याला एक शिस्त लागते. आजार कोणाला झाला, कुठे, कधी, किती जणांत किती? एका गावात औषध दिले आणि दुसऱ्यात दिले नाही, तर फरक औषधाने पडला की योगायोगाने? चार रुग्ण पाहून मत बनवायचे नाही, हे तिथे हाडीमांसी रुजवतात.

उपयोजित मानवशास्त्राची शिस्त वेगळी. वस्तीत राहायचे, भाषा शिकायची, लोक जे बोलतात आणि जे करतात त्यातले अंतर टिपायचे. प्रश्नावली घेऊन दारात उभे राहण्याआधी त्यातले प्रश्न या घराला लागू तरी आहेत का, हे तपासायचे. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांपुढे मांडलेला आग्रह याच शिस्तीतून आलेला आहे. आजार कशामुळे झाला असे रुग्णाला वाटते, त्याला काय म्हणतात, त्यातली कोणती गोष्ट त्याला घाबरवते, हे आधी त्यालाच विचारा.

दोन्ही सवयी चांगल्या आहेत आणि दोन्हींना आपापला आंधळा कोपरा आहे. साथरोगतज्ज्ञाला मोजता येते ते खरे वाटते आणि मोजायच्या यादीत जे आलेच नाही ते दिसत नाही. मानवशास्त्रज्ञाला एका वस्तीचे बारकावे कळतात, पण शेजारच्या तालुक्यातही तसेच आहे का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. आरोग्य खात्याला उत्तर या महिन्यात हवे असते, मानवशास्त्रज्ञ एक वर्ष मागतो. या घाईवर तोडगा म्हणून १९८० च्या दशकात जलद मूल्यमापनाच्या पद्धती तयार झाल्या. सुसान स्क्रिमशॉ आणि एलेना उर्तादो यांची पोषण व प्राथमिक आरोग्यसेवेसाठीची पुस्तिका १९८७ ची. या परंपरेचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. कनेक्टिकट विद्यापीठात वैद्यकीय मानवशास्त्राचे शिक्षण उभे करणारे पर्टी पेल्टो उतारवयात बरीच वर्षे पुण्यात राहिले आणि भारतातल्या अनेक संस्थांच्या तरुण संशोधकांना क्षेत्रकार्याच्या पद्धती त्यांनी शिकवल्या.

वंशावळी आणि अंत्यविधी

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फोरे नावाचा समाज आहे. १९५० च्या दशकात तिथे कुरू नावाच्या आजाराने माणसे मरत होती. आधी थरथर, मग तोल जाणे, मग मृत्यू. बळी जाणाऱ्यांत बायका आणि मुले फार, पुरुष कमी. आजार घराण्यांतून फिरतो म्हणून तो आनुवंशिक असावा, अशी शास्त्रज्ञांची अटकळ होती. १९६१ ते १९६३ या काळात शर्ली लिंडनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे मानवशास्त्रज्ञ तिथे राहिले. त्यांनी वंशावळी नीट उलगडल्या तेव्हा ज्यांना जवळचे नातलग म्हणून धरले होते ते अनेकदा रक्ताचे नातलग नव्हते, मानलेले होते. आजारही पिढ्यान्‌पिढ्यांचा नव्हता, म्हाताऱ्यांच्या आठवणीत तो आलेला होता. मृत आप्ताचे शरीर खाण्याच्या अंत्यविधीचा प्रसार आणि आजाराचा प्रसार एकमेकांशी जुळत होते, आणि त्या विधीत वाटा असे तो मुख्यतः बायकामुलांचा. कार्लटन गायदुशेक यांनी हा आजार चिंपांझीत संक्रमित करून दाखवला आणि त्यांना १९७६ चे नोबेल मिळाले. प्रयोगशाळेने काय पसरते ते शोधले, आणि ते कोणाकडून कोणाकडे जाते याची वाट वंशावळीच्या वहीने दाखवली.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. २०१४ ते २०१६ या वर्षांत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाचे २८,६०० हून अधिक रुग्ण झाले आणि ११,३०० हून अधिक माणसे गेली. मृतदेहाला हात लावल्याने लागण होते, म्हणून पथके यायची, देह पिशवीत बांधून घेऊन जायची. आईला आंघोळ घालता आली नाही, कुठे पुरले तेही कळले नाही, अशी घरेच्या घरे होती. मग लोक आजारी माणसे लपवू लागले, रात्री गुपचूप दफन करू लागले. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातल्या आठ जणांचा खून झाला. पुण्यात प्लेगच्या वेळी घरझडतीने लोकांच्या मनात काय पेटवले आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्याचा शेवट अधिकाऱ्यांवरच्या गोळीबारात कसा झाला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वोमेची घटना कळायला वेळ लागणार नाही.

त्याच साथीत गिनीमध्ये एक गरोदर बाई इबोलाने गेली. तिच्या किसी समाजात पोटातले मूल वेगळे केल्याशिवाय अशा बाईला पुरत नाहीत. तसे केले नाही तर गावावर अरिष्ट येते, अशी समजूत आहे. आणि इबोलाने गेलेल्या बाईवर शस्त्रक्रिया करायची म्हणजे करणाऱ्याचा जीव धोक्यात. जागतिक आरोग्य संघटनेसाठी काम करणाऱ्या मानवशास्त्रज्ञ ज्युलियेन अनोको यांनी गावातल्या जाणत्यांना विचारले, की नियम मोडावाच लागला तर तुमच्याकडे त्यावर उतारा काय? उतारा होता. प्रायश्चित्ताचा एक विधी जाणत्या लोकांना माहीत होता. तो झाला आणि देहाला शस्त्र न लावता दफन पार पडले. ऑक्टोबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची नियमावली काढली. त्यात कुटुंबाचा सहभाग आणि धर्मविधी यांना जागा होती. सक्तीने जे साधले नाही ते बऱ्याच ठिकाणी या बदलाने साधले.

जिथे श्रद्धेचा दोष नव्हता

इतपत वाचून असे वाटेल, की मानवशास्त्राचे काम म्हणजे लोकांच्या समजुती आरोग्य खात्याला समजावून सांगणे. इथेच मोठी चूक होते. हैतीतल्या कांज या गावातली पॉल फार्मर यांची हकिगत यासाठी मुळातून पाहण्यासारखी आहे. फार्मर वैद्यकाचे पदवीधर आणि मानवशास्त्राचे डॉक्टरेट, दोन्ही हार्वर्डचे. १९८० च्या दशकाच्या शेवटी कांजच्या परिसरात क्षयाचे रुग्ण उपचार अर्धवट सोडत होते. जादूटोण्याने क्षय होतो असे अनेकांचे मत, म्हणून गोळ्या घेत नाहीत, हे स्पष्टीकरण हाताशी तयार होते.

फार्मर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला औषध फुकट. दुसऱ्या गटाला फुकट औषधाबरोबर महिन्याला थोडे पैसे, पोषक अन्न, आणि गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्याची नियमित भेट. पहिल्या गटात निम्म्याच्या आसपास रुग्ण बरे झाले, दुसऱ्यात सगळे. जादूटोण्यावर विश्वास दोन्हीकडे होता आणि त्याने बरे होण्यात फरक पडला नाही. फरक पडला तो दवाखान्यापर्यंत जायच्या पैशाने, पोटात पडलेल्या अन्नाने आणि दारात येणाऱ्या माणसाने. ‘संस्कृती’ नावाच्या कप्प्यात आपण गरिबी लपवतो, हे फार्मर आयुष्यभर सांगत राहिले. २०२२ मध्ये रवांडात काम करत असतानाच ते गेले.

पंजाबातल्या खन्ना परिसराचे उदाहरण याच जातीचे. तिथे हार्वर्डच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात कुटुंबनियोजनाचा मोठा प्रयोग झाला. गावकरी गर्भनिरोधक गोळ्या घेत, नाही कोणी म्हणत नसे, पण जन्मदर प्रयोगकर्त्यांच्या अपेक्षेप्रमाणे उतरला नाही. पुढे महमूद ममदानी यांनी मनुपूर गावात जाऊन विचारपूस केली. लोकांनी गोळ्या घेतल्या होत्या, वापरल्या नव्हत्या. एकाने तर गोळ्यांच्या डब्या रचून त्यांची शोभेची वस्तू केली होती. दारात आलेल्या भल्या माणसाला नाही कसे म्हणायचे, हा एक भाग. आणि शेतात राबायला, म्हातारपणी सांभाळायला मुले हवीत, हा हिशेब पक्का होता. अज्ञान कुठेच नव्हते. ममदानींचे पुस्तक १९७२ चे, आणि लोकसंख्या धोरणाच्या वर्गात ते अजून वाचले जाते.

लोस मोलिनोसमध्ये समजुतीने खरोखर वाट अडवली होती. कांजमध्ये समजूत होती पण तिने वाट अडवली नव्हती. मनुपूरमध्ये अडचण ना समजुतीची होती ना पुरवठ्याची. लोकांची गरजच प्रयोगकर्त्यांच्या गरजेहून वेगळी होती. वरून पाहता तिन्ही ठिकाणी दिसते ते एकच: लोक ऐकत नाहीत. यातले कोणते कारण कुठे लागू आहे हे ओळखायला वस्तीत बसून ऐकावेही लागते आणि दोन गट करून मोजावेही लागते. नुसते ऐकणाऱ्याने कांजमध्ये जादूटोण्यावर प्रबंध लिहिला असता. नुसते मोजणाऱ्याने लोस मोलिनोसमध्ये आणखी एक आरोग्यसेविका नेमली असती. जोडपदवीच्या बाजूने माझ्या मते एवढा एकच युक्तिवाद खराखुरा आहे, आणि तो पुरेसा आहे.

गडचिरोलीचा आधार

महाराष्ट्रात या युक्तिवादाला भक्कम आधार आहे. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून एम.पी.एच. करून परतले आणि १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेच्या माध्यमातून गडचिरोलीत काम करू लागले. स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, असा तेव्हाच्या धोरणाचा समज होता. गावातल्या बायका मात्र अंगावरून पांढरे जाण्याबद्दल, कंबरदुखीबद्दल, पाळीच्या त्रासाबद्दल बोलत होत्या. राणी बंग यांनी ते ऐकले आणि मग मोजले. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली, आणि त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास आला आणि स्त्री-आरोग्याची चर्चा बाळंतपणाच्या बाहेर काढण्यात त्याचा मोठा वाटा राहिला.

लहान मुलांच्या न्यूमोनियाचे काम याहून बारकाईने पाहण्याजोगे आहे. मिनिटाला किती श्वास म्हणजे धोका, हा आकडा साथरोगशास्त्राचा. पण तो मोजणार कोण? दाई, जिला पन्नासपर्यंत सलग मोजायची सवय नाही. मग श्वास मोजायचे एक साधन तयार केले गेले. त्यात एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला मणी सरकला तर मूल धोक्यात आहे. या साधनात वैज्ञानिक उंबरठा शाबूत आहे आणि तो ज्या हातांना पेलायचा त्या हातांची ओळखही आहे. पुढे घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याच्या प्रयोगात ३९ गावांतला नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाला. तो निष्कर्ष १९९९ चा. २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी ज्या भेटी देतात त्यांच्यामागे हे काम आहे. सर्चचा दवाखाना आदिवासींच्या सूचनांवरून त्यांच्या गावासारखा, झोपड्यांच्या रूपात उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले, तेही याच ऐकण्यातून.

बंग दांपत्याकडे मानवशास्त्राची पदवी नाही. जामखेडला १९७० मध्ये काम सुरू करणाऱ्या रजनीकांत आणि मेबल आरोळे यांच्याकडेही नव्हती. मग पदवी हवीच कशाला, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. उत्तर असे, की या मंडळींनी एका जागी दशकेच्या दशके काढली आणि ऐकण्याची कला अनुभवातून कमावली. प्रत्येक तालुका आरोग्य अधिकाऱ्याला, प्रत्येक प्रकल्प व्यवस्थापकाला तेवढा काळ मिळत नाही. जे थोरांना आयुष्यभरात उमगले ते इतरांना दोन-तीन वर्षांत शिकता यावे, यासाठीच तर शिक्षण असते.

अभ्यासक्रम, खर्च, व्हिसा

या वाटेवरचे एक जुने नाव फ्लोरिडातल्या टँपा शहरातल्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठाचे. उपयोजित मानवशास्त्राची एम.ए. त्यांनी १९७४ मध्ये सुरू केली, पीएच.डी. १९८४ मध्ये, आणि सार्वजनिक आरोग्याचे महाविद्यालयही तिथे १९८४ मध्येच उभे राहिले. दोन्ही पदव्या जोडण्याची सोय तिथे आहे. टूसॉनचे ॲरिझोना विद्यापीठ आणि क्लीव्हलंडचे केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ यांनीही मानवशास्त्र आणि एम.पी.एच. जोडले आहे. ॲरिझोनात दीर्घकाळ शिकवणारे मार्क निक्टर यांनी स्वतः मानवशास्त्राबरोबर एम.पी.एच. केलेले, आणि त्यांचे बरेच काम कर्नाटकाच्या किनारपट्टीवरचे.

रचना सर्वसाधारणपणे अशी असते. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त एम.पी.एच.ला किमान ४२ क्रेडिट लागतात. मानवशास्त्राच्या एम.ए.ची क्रेडिट वेगळी. जोडपदवीत काही विषय दोन्हींकडे धरले जातात, त्यामुळे स्वतंत्रपणे जी चार वर्षे लागली असती ती तीनच्या आसपास येतात. प्रवेश मात्र दोन्ही विभागांनी द्यावा लागतो. अर्जही बहुधा दोन: सार्वजनिक आरोग्यासाठी सोफास या सामायिक पोर्टलवरून, मानवशास्त्रासाठी विद्यापीठाकडे. एम.पी.एच.मध्ये प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि शेवटचा एकात्मिक प्रकल्प असतो, उपयोजित मानवशास्त्रात क्षेत्रकार्य आणि प्रबंध. या दोन्ही गोष्टी एकाच विषयावर, एकाच वस्तीत करता आल्या तर जोडपदवी सार्थकी लागते. सकाळी साथरोगशास्त्र, संध्याकाळी मानवशास्त्र, आणि दोन्ही प्राध्यापकांची एकमेकांशी गाठच नाही, असे झाले तर हाती येतात ती दोन प्रमाणपत्रे. म्हणून अर्ज करण्याआधी आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मागवून वाचावेत, आणि मार्गदर्शक समितीत दोन्ही विभागांची माणसे असतात का ते विचारावे.

पैशाच्या बाबतीत स्पष्ट बोललेले बरे. जादा वर्ष म्हणजे जादा शुल्क आणि जादा राहण्याखाण्याचा खर्च. एम.पी.एच.ला आर्थिक मदत सहसा कमी मिळते. मानवशास्त्र विभागात अध्यापन साहाय्यकाची जागा मिळाली तर शुल्कात सवलत मिळू शकते, पण अशा जागा थोड्या आणि त्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना आधी जातात. शैक्षणिक कर्ज काढून जाणाऱ्याने व्हिसाचा एक नियम आधीच समजून घ्यावा. एफ-१ व्हिसावर शिकून झाल्यावर कामाच्या अनुभवासाठी १२ महिने मिळतात ते शिक्षणाच्या एका पातळीला एकदाच. दोन्ही पदव्या मास्टर्सच्या, म्हणून मुदत दोनदा मिळत नाही. २४ महिन्यांची वाढीव मुदत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या विषयांना असते. साथरोगशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्र त्या यादीत बसतात, मानवशास्त्र बसत नाही. तेव्हा एम.पी.एच.मधली विशेष शाखा कोणती आणि विद्यापीठाने तिला कोणता सांकेतिक क्रमांक दिला आहे, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावे.

नोकरीच्या जाहिरातीत ‘मानवशास्त्रज्ञ हवा’ असे क्वचित लिहिलेले असते. कामे मिळतात ती आरोग्य विभागांत, रुग्णालयांच्या वस्ती-आरोग्य उपक्रमांत, कार्यक्रम मूल्यमापनात, संशोधन संस्थांत, सामाजिक संस्थांत. तिथे निवड होते ती आकडेवारी हाताळता येते म्हणून, आणि माणूस पुढे जातो तो वस्तीत शिरता येते म्हणून. सध्याचा काळ मात्र कठीण आहे. अमेरिकेची यूएसएड ही संस्था १ जुलै २०२५ रोजी बंद झाली आणि तिच्या पैशावर जगभर चाललेली आरोग्याची कामे कोलमडली. जागतिक आरोग्याच्या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्यांची वाट त्यामुळे अरुंद झाली आहे. फक्त परदेशी नोकरीच्या आशेवर ही जोडपदवी घेऊ नये, असे मी स्वच्छ सांगेन.

मग ती कोणी घ्यावी? ज्याला एका वस्तीच्या किंवा एका आजाराच्या प्रश्नाने आधीच धरले आहे, ज्याची एक नवी भाषा शिकायची तयारी आहे, आणि ज्याला संख्याशास्त्राचा कंटाळा नाही, त्याने. धोरण, रुग्णालय व्यवस्थापन किंवा निव्वळ आकडेवारी यांत जायचे असेल तर एम.पी.एच. पुरे. आधी दोन वर्षे प्रत्यक्ष कामात घालवून मग ठरवले तर निर्णय सहसा अधिक पक्का होतो.

आपल्या दाराशी

भारतात एम.पी.एच.चे शिक्षण आता नवे राहिलेले नाही. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात ते १९९७ पासून आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्राची एम.पी.एच. आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग आहे आणि आरोग्यशास्त्रांचा विभागही आहे. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांच्या शहरात या दोन विषयांची गाठ घालणे अवघड नसावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी घ्यायला परवानगी दिली. पण शेजारी शेजारी घेतलेल्या दोन पदव्या आणि एकत्र गुंफलेली जोडपदवी यांत महत्त्वाचा फरक आहे. सामायिक क्रेडिट नाहीत, सामायिक मार्गदर्शक नाहीत, एकच प्रबंध दोघांनी तपासायची सोय नाही, तर विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ती नुसती दमछाक.

अशा शिक्षणाची गरज किती जवळची आहे ते माकडतापावरून दिसते. हा आजार १९५७ मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. गोचिडांतून तो माणसाला होतो आणि माकडे मरू लागली की धोक्याची सूचना मिळते. गेल्या दहा-बारा वर्षांत तो सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरीत येऊन पोहोचला. निक्टर यांनी १९८७ मध्येच त्याला विकासाने ओढवलेला आजार म्हटले होते. साथरोगशास्त्र सांगते, की धोका मुख्यतः जानेवारीपासून पावसाळ्यापर्यंत. मानवशास्त्राची दृष्टी असलेला विद्यार्थी पुढे विचारेल, की या महिन्यांत रानात जाते कोण? काजू गोळा करणारी माणसे, भाजावळीसाठी पातेरा आणणाऱ्या बायका, सरपणाला आणि गुरांमागे जाणारी पोरे. ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला म्हणजे त्यांना वर्षाची कमाई आणि पुढची भातशेती सोडा असे सांगणे. गोचीड दूर ठेवणारे तेल अंगाला लावायला दिले जाते. ते घामात किती टिकते, बायका ते लावतात का, मजुराला ते बागायतदाराने द्यायचे की सरकारने? हे प्रश्न तिथे राहून गोळा करायचे आणि त्यांची उत्तरे वाडीवाडीत मोजून पडताळायची. या कामाला परदेशी विद्यापीठ लागत नाही.

महाराष्ट्रात अशी जोडपदवी उभी राहावी, असे मला मनापासून वाटते, आणि ती कशी असावी याचेही काही ठोस आग्रह आहेत. माडिया, कोरकू, भिली यांपैकी एक भाषा कामापुरती आलीच पाहिजे. किमान सहा महिने एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावात मुक्काम हवा. प्रबंध एकच असावा, साथरोगतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ या दोघांनी तो तपासावा आणि दोघांपैकी एकानेही नापास केला तर तो नापास व्हावा. निष्कर्ष ज्या गावातून आले त्या गावाच्या ग्रामसभेत मराठीत किंवा तिथल्या बोलीत मांडले जावेत. आणि राज्याच्या आरोग्य सेवेत अशा पदवीधरांसाठी जिल्हा पातळीवर पदे असावीत, कारण पद नसेल तर चांगला विद्यार्थी पुन्हा परदेशाकडेच पाहणार.

लोक ऐकत नाहीत, हे वाक्य आपल्या आरोग्य यंत्रणेत रोज उच्चारले जाते. त्यामागे श्रद्धा आहे, गरिबी आहे, की आपलीच सेवा तोकडी आहे, हे शोधायला आपण कोणाला पगार देत नाही. जोपर्यंत देत नाही, तोपर्यंत प्रत्येक फसलेल्या मोहिमेचा दोष लोकांच्याच माथी जाईल आणि पुढची मोहीम तशीच आखली जाईल. हे काम करू शकणारी माणसे शिकवून तयार करता येतात, हे गेल्या सत्तर वर्षांच्या अनुभवाने दाखवून दिले आहे. आता ती इथे, आपल्या विद्यापीठांत, आपल्या जिल्ह्यांसाठी तयार करायची आहेत.